दुपारची जास्तीची सौर वीज पाणी वर चढवून साठवता येईल का?

माळरान

नमस्कार मंडळी. हा विचार बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून इथे विचारतो.

माझी विहीर उताराच्या पायथ्याशी आहे. वरच्या टोकाला, उभ्या मापाने साधारण ६० मीटर उंचीवर, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं तळं आहे. काठोकाठ भरलं की त्यात २० लाख लिटर पाणी मावतं. विहिरीवर ५ अश्वशक्तीचा सौर पंप आहे आणि वर जाणारी ६३ मिलिमीटरची पाइपलाइन ३०० मीटर लांब आहे. पिकाला पाणी नको असतं त्या दिवसांत पंप बंद असतो आणि पॅनेलवरचं ऊन फुकट जातं. त्याचं फार वाईट वाटतं.

तर प्रश्न असा: दुपारी पाणी वर चढवलं आणि अंधार पडल्यावर तेच पाणी खाली सोडून छोटं टर्बाइन फिरवलं, तर घराला पुरेल एवढी वीज मिळेल का? खाली पाणी झेलायला विहिरीशेजारी दुसरं तळं खणायची तयारी आहे.

दुसरं. मोठे उदंचन प्रकल्प याच तत्त्वावर चालतात असं वाचलं. पण त्यात १०० युनिट घातले तर ७५ ते ८० युनिटच परत मिळतात म्हणे. म्हणजे प्रत्येक फेरीत वीज कमीच होते. मग जगभर एवढा खर्च करून ते का बांधतात? जाणकारांनी आकड्यांसकट सांगितलं तर बरं होईल.

गच्चीवरची_टाकी

मी आमच्या टाकीचा हिशेब मांडला होता, तो देतो. १००० लिटर पाणी, उंची १० मीटर. १००० × ९.८१ × १० = ९८,१०० जूल. एका युनिटमध्ये ३६ लाख जूल असतात. म्हणजे अख्खी टाकी रिकामी केली तरी ०.०२७ युनिट, तेही कुठेच काही वाया गेलं नाही असं धरून. १० वॅटचा दिवा पावणेतीन तास चालेल.

माळरान, तुमच्याकडे उंची सहापट आणि पाणी दोन हजारपट आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न नक्कीच विचारण्याजोगा आहे. पुढचं संचघर काकांनी सांगावं. त्यांची नोकरीच त्यात झाली आहे.

संचघर

माळरान, प्रश्न वाचून मनापासून बरं वाटलं. मी एका उदंचन प्रकल्पाच्या भूमिगत वीजघरात पाळीवर होतो. तेच संच रात्री पंप म्हणून आणि संध्याकाळी टर्बाइन म्हणून चालवले आहेत. आधी तुमच्या तळ्याचं पाहू.

२० लाख लिटर म्हणजे २००० घनमीटर. ६० मीटरवर त्यात ३२७ युनिट ऊर्जा आहे. आकडा मोठा वाटतो, पण तळं एका दुपारी भरत नाही. ५ अश्वशक्तीचा पंप ३.७ किलोवॅट वीज घेतो असं धरा. या आकाराच्या पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के मिळाली तर चांगली म्हणायची. म्हणजे ६० मीटरवर सेकंदाला पावणेचार लिटर, तासाला साडेतेरा हजार लिटर. सात तास स्वच्छ ऊन मिळालं तर दिवसाला ९५ घनमीटर पाणी वर जाईल. रिकामं तळं भरायला अशा एकवीस दुपारी लागतील.

या एका दुपारच्या ९५ घनमीटरसाठी तुम्ही २६ युनिट वीज घातली. पाण्यात साठली साडेपंधरा. छोटं टर्बाइन आणि जनरेटर मिळून ६० टक्के धरले तर रात्री हातात नऊ युनिट. मोठ्या प्रकल्पाच्या ७५–८० टक्क्यांची तुम्हाला चिंता आहे, पण तुमच्या आकाराला ३५ टक्क्यांच्या आसपासच थांबावं लागतं. यंत्र लहान झालं की रनर (पाण्यातलं फिरतं चाक) आणि आवरण यांच्यातल्या फटीतून निसटणारं पाणी, बेअरिंगचं आणि भिंतींचं घर्षण, या सगळ्यांचा वाटा वाढतो.

आणि या हिशेबात पाइप धरलेलाच नाही. ६३ मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला पावणेचार लिटर पाणी चढवताना ३०० मीटरात घर्षणापायी १० मीटर उंची जाते, म्हणजे पंपाला ६० नव्हे, ७० मीटर ढकलावं लागतं. रात्री तेच ९५ घनमीटर चार तासांत खाली सोडायचं म्हटलं तर सेकंदाला ६.६ लिटर वाहायला हवेत. घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. तेव्हा त्याच पाइपात ३० मीटर, म्हणजे तुमच्या उंचीचा निम्मा भाग, वाटेतच संपेल. ११० मिलिमीटरचा पाइप टाकलात तर हेच नुकसान दोन मीटरच्या आत येतं. घरगुती प्रयोगांत लोक टर्बाइन शोधत बसतात आणि मार मात्र पाइपात खातात.

मला विचाराल तर टर्बाइनच्या मागे लागू नका. तुमचं वरचं तळं हाच साठा आहे. पिकाला पाणी नको असेल त्या दिवसांत ते भरून ठेवा आणि पाणी हवं असेल तेव्हा, ढगाळ दिवशी, पहाटे, रात्री, उतारावरून आपोआप येऊ द्या. पाणी वर न्यायचंच आहे, मग विजेचं पाणी आणि पाण्याची पुन्हा वीज या फेरीतला दुसरा तोटा कशाला सोसायचा? अवेळी पंप चालवायला लागली असती ती वीज वाचली, ती पूर्णच्या पूर्ण तुमची.

आता मोठ्या प्रकल्पांकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

१०० मधले २०–२५ कुठे जातात ते आधी सांगतो. पाणी चढवताना ट्रान्सफॉर्मर अर्धा टक्का घेतो, मोटर दीड टक्का, पंप आठेक टक्के, बोगदा आणि पेनस्टॉक (यंत्राकडे पाणी नेणारा दाबाचा मोठा पाइप) यांमधलं घर्षण दीड-दोन टक्के. वर पोचेपर्यंत ८९ उरले. खाली येताना पुन्हा तीच माणसं वाटेत उभी, फक्त उलट्या क्रमाने. शेवटी ७८ च्या आसपास हाती येतात. जुनी यंत्रं असतील तर ७० ते ७५. शंभर-दोनशे मेगावॅटच्या यंत्रातून दोनदा जाऊन एवढं परत मिळणं ही अभियांत्रिकीची फार मोठी कमाई आहे, असं मी अभिमानाने म्हणतो.

पण तुम्ही हिशेब ज्या टोकापासून धरला आहे तिथून तो सुटणार नाही. ते १०० युनिट पंपात घातले नसते तर त्यांचं काय झालं असतं, हे आधी विचारा. विजेच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) वीज साठून राहत नाही. त्या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर विजेची वारंवारता ५० हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांवरून, सरकू लागते. दुपारी ऊन भरपूर आणि मागणी कमी असली की भार नियंत्रण केंद्राला कुणाला तरी उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. सौर प्रकल्पाला ‘कमी करा’ म्हटलं की ती वीज जन्मालाच येत नाही. तिथे हिशेब १०० विरुद्ध ७८ असा नसतो, शून्य विरुद्ध ७८ असा असतो. आणि ती ७८ संध्याकाळी सातला मिळते, जेव्हा पॅनेल झोपलेले असतात आणि घरोघरी दिवे लागलेले असतात.

हे तत्त्व जुनं आहे. स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनजवळ एंगेवायर इथे १९०७ च्या सुमारास पाणी वर चढवून साठवायला सुरुवात झाली. पुढे जगभर जे मोठे प्रकल्प झाले ते बहुतेक औष्णिक आणि अणुवीज केंद्रांसाठी. ती केंद्रं रात्री सहज थांबवता येत नाहीत, म्हणून रात्रीची उरलेली वीज पंपाला द्यायची. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पंपिंगचा आदेश मध्यरात्रीच्या आसपासच यायचा. नोकरीच्या शेवटी शेवटी तो भर दुपारी यायला लागला. त्याच संचांचा, त्याच पाण्याचा दिवस उलटा झाला होता. जपानमध्ये क्युशू बेटावर सौर वीज वाढल्यावर नेमकं हेच घडलं: रात्री पाणी चढवण्यासाठी बांधलेले प्रकल्प दुपारी चढवू लागले.

उंचीचं महत्त्व आकड्यातच पाहा. वेल्समधला डिनॉर्विग प्रकल्प १९८४ सालचा. स्लेटच्या जुन्या खाणीखाली, एलिडिर फॉर डोंगराच्या पोटात त्याचं वीजघर आहे. क्षमता १७२८ मेगावॅट, साठा सुमारे ९ गिगावॅट-तास, म्हणजे ९० लाख युनिट. दोन जलाशयांतलं अंतर उभ्या मापाने ५०० मीटर असल्यामुळे हे काम जवळपास ७० लाख घनमीटर पाण्यात होतं. तुमच्यासारख्या ६० मीटर उंचीवर तेवढाच साठा करायचा तर पाणी आठपटींहून जास्त लागेल, जलाशय आठपट, बुडणारी जमीनही त्याच हिशेबात. म्हणून प्रकल्प आखणारे आधी कडा शोधतात. आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प, जो २००८ मध्ये सुरू झाला, सह्याद्रीचा कडा वापरतो तो याच कारणाने: वरचं धरण माथ्यावर, खालचं पायथ्याशी.

वेगाबद्दलही सांगायला हवं, कारण पाण्याचे प्रकल्प सुस्त असतात असा समज आहे. डिनॉर्विगचे संच रनरभोवतीचं पाणी दाबाच्या हवेने खाली सारून कोरडेच फिरत ठेवता येतात. तिथून ते १२ सेकंदांत १३२० मेगावॅट देतात. टीव्हीवरचा लोकप्रिय कार्यक्रम संपल्याबरोबर लाखो लोक एकदम उठतात आणि मागणी उसळते, त्यासाठीही तो वापरला गेला आहे.

पंप सुरू करणं मात्र वेगळं काम, आणि ते मला कायम आवडलं. थांबलेल्या संचाला पाण्यात तसाच उलटा फिरवायला गेलं तर फार ताकद लागेल. म्हणून मुख्य गोल झडप बंद ठेवायची, रनरखालच्या ड्राफ्ट ट्यूब नावाच्या नळीत दाबाची हवा सोडून पाण्याची पातळी रनरच्या खाली न्यायची, रनर हवेत मोकळा करायचा. मग वारंवारता बदलणाऱ्या परिवर्तकाने त्याला हळूहळू पूर्ण वेगापर्यंत आणायचं, जाळ्याशी जुळवायचं आणि त्यानंतर हवा बाहेर सोडायची. पाणी रनरला भिडतं तेव्हा आवाज बदलतो, पायाखालची फरशी थरथरते. दाब पुरेसा झाला की झडप आणि गाईड व्हेन (रनरभोवतीची पाणी वळवणारी पाती) उघडायचे आणि डोंगर चढायला सुरुवात. या सगळ्यात माणसाची नजर दाबाच्या काट्यावरून हलत नाही.

लिथियम

काका, फार छान लिहिलंय. पण एक शंका आदराने विचारतो. लिथियम बॅटरी ८५ ते ९० टक्के वीज परत देते. आदेश मिळाल्यावर सेकंदाच्या आत प्रतिसाद देते. वर्षभरात उभी राहते. तिला डोंगर लागत नाही, पाणी लागत नाही, कुणाचं गाव हलवावं लागत नाही. मग आता नवे उदंचन प्रकल्प बांधणं म्हणजे जुन्या सवयीला धरून बसणं नाही का?

संचघर

लिथियम, तुमचा मुद्दा अर्धा मी आत्ताच मान्य करतो. दोन तासांच्या साठ्यासाठी आज कुणी नवा डोंगर पोखरू नये. क्षणाक्षणाची वारंवारता सांभाळायला आणि संध्याकाळची दोन-चार तासांची चढ झेलायला बॅटरी उत्तम आहे आणि ती लवकर उभी राहते, हे फार मोठं बळ आहे.

पण साठ्याला दोन मापं असतात, आणि बातम्यांत बहुतेक वेळा एकच छापलं जातं. मेगावॅट म्हणजे एका वेळी किती जोर, आणि मेगावॅट-तास म्हणजे तो किती वेळ टिकेल. बॅटरीत चार तासांचे आठ तास करायचे तर बॅटरी दुप्पट घ्यावी लागते. उदंचनात बोगदा, वीजघर, संच, ट्रान्सफॉर्मर तेच राहतात, फक्त जलाशय मोठा करायचा. जागा अनुकूल असेल तर तो वाढीव भाग एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो. म्हणून साठा जितका लांब तितकं पाण्याचं पारडं जड होत जातं.

अमेरिकेत व्हर्जिनियातला बाथ काउंटी प्रकल्प पाहा: ३००३ मेगावॅट, २४ गिगावॅट-तास. म्हणजे पूर्ण जोराने आठ तास, आणि १९८५ पासून तो हेच करतोय. चीनच्या हबे प्रांतातला फेंगनिंग आता जगात सर्वात मोठा, १२ संच, ३६०० मेगावॅट, २०२४ च्या अखेरीस पूर्ण झाला. ऑस्ट्रेलियाचा स्नोई २.० तर २२०० मेगावॅटला ३५० गिगावॅट-तास धरून आखला आहे, जवळपास साडेसहा दिवस पुरणारा. ढगांचा आणि पडलेल्या वाऱ्याचा आठवडा निभावायचा असेल तर तिथे आठ तासांचा साठाही कमी पडतो. आजही जगातल्या जाळ्यांवर साठवलेल्या ऊर्जेचा सर्वात मोठा भाग पाण्यातच आहे.

आयुष्याचा मुद्दा राहिला. बॅटरीचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरतात, मग ती बदलायची. धरण आणि बोगदे शंभर वर्षं टिकू शकतात. संचाचं वाइंडिंग आणि रनर तीस-चाळीस वर्षांनी बदलले की यंत्र पुन्हा नवं. आणि एक गोष्ट कागदावर दिसत नाही. आमचा रोटर शेकडो टनांचं फिरतं लोखंड आहे. जाळ्यावर कुठे मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर त्या फिरत्या वजनातली ऊर्जा पहिल्या काही सेकंदांत वारंवारतेला आधार देते, कुणी बटण दाबायच्या आधीच. सगळं जाळं काळोखात गेलं तर वरचं पाणी आणि एक छोटा डिझेल संच एवढ्यावर आम्ही स्वतः उभे राहून दुसऱ्या केंद्रांना सुरुवातीची वीज देऊ शकतो.

एक उणीव मात्र खरी आहे. जुन्या संचांचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे पंप म्हणून चालताना ते जवळपास पूर्ण भारच घेतात. निम्मी वीज शिल्लक असेल तर निम्मं पंपिंग करता येत नाही. ढग सरकले की सौर वीज खालीवर होते, तिथे हे खटकतं. जर्मनीतल्या गोल्डिस्टाल प्रकल्पात, २००३ साली, चारपैकी दोन संच बदलत्या वेगाचे बसवले ते याचसाठी. ऑस्ट्रियातल्या कोप्स-२ मध्ये वेगळाच मार्ग आहे: एकाच दांड्यावर पंपही आणि पेल्टन टर्बाइनही (पाण्याच्या जोरदार धारेने फिरणारं चाक). पंप चालू असतानाच काही पाणी टर्बाइनवर सोडता येतं, आणि जाळ्यावरून घेतलेली वीज हवी तेवढी कमीजास्त करता येते. नव्या प्रकल्पांत यापैकी काहीही नसेल तर मी ते अपुरं म्हणेन.

काळा_पाषाण

काकांनी यंत्र सांगितलं, मी खडकाबद्दल लिहिते. भूशास्त्र हा माझा विषय आहे आणि अशा जागांच्या तपासणीवर मी काम केलं आहे.

उदंचनाचं वीजघर जमिनीखाली खोल का असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पंपाला पाणी ओढायला लावलं की त्याच्या तोंडाशी दाब घटतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू कुरतडतात. ते टाळायला पंप खालच्या जलाशयाच्या पातळीच्याही बराच खाली ठेवावा लागतो. म्हणून डोंगराच्या पोटात मोठी गुहा कोरावी लागते, आणि गुहा म्हटली की सगळं खडकावर आलं. भेगा कुठल्या दिशेने जातात, पाणी कुठून झिरपतं, मधे मऊ थर आहे का, हे बोअरच्या नमुन्यांतून जेवढं कळतं तेवढंच कळतं. स्नोई २.० मध्ये बोगदा खणणारं एक यंत्र मऊ जमिनीत अडकलं आणि वर खड्डा पडला. २०१७ मध्ये जाहीर करताना २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितलेला खर्च २०२३ मध्ये १२ अब्जांवर नेऊन ठेवावा लागला. हे सगळं एका खडकाने घडवलं नाही, पण खडकाचा वाटा मोठा होता.

दुसरी गोष्ट जलाशयाच्या काठांची. साध्या धरणात पाणी ऋतूप्रमाणे सावकाश चढतं-उतरतं. इथे रोज, काही तासांत, कित्येक मीटर. पाणी झपाट्याने उतरलं की काठाच्या मातीत मुरलेलं पाणी मागे राहतं, आतून बाहेर दाब देतं, आणि उतार घसरू शकतो. हे रोज सोसायचं म्हणून काठांना, अस्तराला आणि पाणी वाहून नेणाऱ्या चरांना साध्या तळ्यापेक्षा कितीतरी जास्त जपावं लागतं.

तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिसूरीतल्या टॉम सॉक प्रकल्पाचा वरचा जलाशय १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे फुटला. तो डोंगरमाथ्यावर होता. त्याला नदी मिळत नव्हती, म्हणून पूर येण्याचा प्रश्न नाही असं धरलं गेलं आणि जास्तीचं पाणी सोडायला सांडवा ठेवला नव्हता. पाण्याची पातळी सांगणारी उपकरणं जागची सुटली होती, खरी पातळी ती दाखवतच नव्हती. पंप चालू राहिला. पाणी कडेवरून वाहू लागलं, बांध खचला आणि अर्ध्या तासाच्या आत जलाशय रिकामा झाला. खालच्या उद्यानातल्या अधीक्षकाचं कुटुंब, लहान मुलांसकट, लोंढ्यात वाहून गेलं. सगळे वाचले. बांध नंतर काँक्रीटचा बांधून २०१० मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला. मी प्रत्येक आराखड्यात पहिला प्रश्न हाच विचारते: पंप थांबलाच नाही तर पाणी कुठून जाईल?

माळरान, हे तुम्हालाही लागू आहे बरं का. वरच्या तळ्याला जास्तीचं पाणी सुखरूप काढून देणारा सांडवा आणि पातळीवर पंप बंद करणारा तरंगता स्विच, दोन्ही हवेत.

जागेबद्दल शेवटचं. नदीपासून दूर, दोन छोटे जलाशय आणि मधे बोगदा अशा बंदिस्त चक्राच्या जागा जगभर उपग्रहाच्या नकाशांवरून शोधल्या गेल्या आहेत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटाने अशा ६ लाख १६ हजार जागा नकाशावर मांडल्या. संरक्षित क्षेत्रं आणि शहरं वगळून. यातून एवढंच कळतं की उंचीची टंचाई नाही. त्या जागेखाली खडक कसा आहे, पहिल्यांदा भरायला पाणी कुठून आणायचं, बाष्पीभवनाची भर कोण घालणार आणि तिथे आज कोण राहतं, कोण गुरं चारतं, हे नकाशात दिसत नाही. डोंगरमाथ्यावरचं जंगल तोडून तळं केलं तर त्याला मी स्वच्छ ऊर्जा म्हणायला तयार नाही. जुन्या खाणींचे खड्डे, आधीच असलेली धरणं, यांकडे आधी वळायला हवं.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सांडवा आणि तरंगता स्विच दोन्ही या महिन्यातच करून घेतो, सांडवा माझ्याकडे नाहीच आहे.

काका, तुमचं म्हणणं पटलं. पिकासाठी तळं भरून ठेवीन. पण नऊ युनिट माझ्या दृष्टीने कमी नाहीत हो, घराला दिवसाला चारच लागतात. पाऊसकाळात वरचं तळं तसंही भरून वाहतं, ते पाणी वर चढवायला वीज लागलेलीच नसते. निदान तेवढं पाणी वापरता येईल का? माझाच पंप उलटा फिरवून चालेल का? आणि कुठे लहान प्रमाणावर हे कुणी केलंय का?

संचघर

आता तुम्ही नेमका मुद्दा धरलात. जे पाणी आपोआप वर जमतं त्याचा पंपिंगचा खर्च शून्य, तिथे टर्बाइन बसवण्याला अर्थ आहे.

लहान प्रमाणावरचं उदाहरण म्हणजे कॅनरी बेटांमधलं एल हिएरो. ११.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या, जास्तीच्या वाऱ्यावर पाणी वर चढवणारे पंप, आणि वारा पडला की ११.३ मेगावॅटची पेल्टन टर्बाइनं. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या बेटाने सलग २४ दिवस फक्त वारा आणि पाणी यांवर काढले. तिथे पंप वेगळे आणि टर्बाइनं वेगळी आहेत, हे ध्यानात घ्या.

तुमचा पंप उलटा फिरवायचा विचार सोडा. विहिरीतल्या पंपाला पाणी मागे येऊ न देणारी झडप असते, ती पाणी उलटं येऊच देणार नाही. साधा जमिनीवरचा सेंट्रिफ्युगल पंप टर्बाइन म्हणून चालतो, लोक चालवतात. पण त्याला पंप म्हणून जितकी उंची पेलते त्याहून बरीच जास्त उंची टर्बाइन म्हणून लागते, आणि त्याची इंडक्शन मोटर जाळ्याशिवाय जनरेटर व्हायला योग्य मापाचे कपॅसिटर लागतात. ६० मीटर उंची आणि सेकंदाला चार-सहा लिटर पाण्याला छोटं पेल्टन चाक सरळ आणि समजायला सोपं.

खरेदीच्या आधी एक काम करा. पाइपच्या खालच्या टोकाला दाबाचा मीटर लावा. झडप पूर्ण बंद असताना तो ६ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) जवळ दाखवेल. तेवढा दाखवत नसेल तर तुमची उंची ६० मीटर नाही. मग झडप हळूहळू उघडा आणि दोनशे लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते घड्याळावर मोजा, प्रत्येक वेळी मीटरवरचा दाबही लिहा. बंद आणि वाहत्या दाबातला फरक म्हणजे तुमच्या पाइपातलं घर्षण, माझ्या कागदावरच्या हिशेबापेक्षा खरं. ज्या प्रवाहाला दाबाचा आणि प्रवाहाचा गुणाकार सर्वात जास्त येईल, त्याच प्रवाहाला तुम्हाला सर्वात जास्त वीज मिळेल. ६३ च्या पाइपात तो प्रवाह तुम्हाला वाटतो त्याहून कमीच निघेल.

आणि झडप कधीही झटकन बंद करू नका. ३०० मीटर पाइपातलं पाणी म्हणजे पाऊण टनाहून जास्त वजन वेगात येत असतं. ते एकदम अडवलं तर दाबाची लाट उलटी फिरते आणि ६ किलोच्या जागी क्षणभर १५ किलोपर्यंतही दाब जाऊ शकतो. मोठ्या प्रकल्पात याचसाठी सर्ज शाफ्ट, म्हणजे दाबाची लाट झेलणारी उभी विहीर, असतो, तुमच्याकडे फक्त तुमचा हात आहे. बंद करायला निदान अर्धं मिनिट घ्या. बॉल व्हॉल्व्ह असेल तर काढून चाकाचा गेट व्हॉल्व्ह बसवा, तो पटकन बंद करताच येत नाही.

पाइप किती किलोचा आहे ते त्यावर छापलेलं असतं. तो ६ किलोचा असेल तर थांबा, आधी पाइप बदलावा लागेल. १० किलोचा असेल तर मोजमापं घेऊन इथे टाका, नोझलचं माप मी काढून देतो.